‘आमच्या वेळी पोरं सगळं खायची’

अमळनेरहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

‘माझा मुलगा चार वर्षांचा झाला. वजन साडेचौदा किलो. केळी, दूध-बिस्किट, साधा वरणभात, पिवळी शेव आणि पाकिटातले नूडल्स, याशिवाय तोंडाला काही लावत नाही. भाकरी दाखवली की मान फिरवतो. मेथी, भरीत, डुबुकवडे (रश्श्यातले बेसनाचे वडे) काहीच चालत नाही. दिवसाला पाऊण लिटर दूध पितो, तेही चॉकलेटची पावडर घालून. मोबाइल लावला तर चार घास जातात, नाहीतर ताट घेऊन गल्लीभर फिरावं लागतं. सासूबाई 63 वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात, “आमच्या वेळी पोरं सगळं खायची, हे लाड तुम्हीच केले.” मिस्टर स्वतः कारलं आणि गंगाफळ (लाल भोपळा) खात नाहीत, पण म्हणतात दोन दिवस उपाशी ठेव, आपोआप खाईल. पूर्वीची मुलं खरंच सगळं खायची का? माझं काय चुकलं? जबरदस्ती करू का? आणि जूनमध्ये बालवाडी सुरू होईल, डब्यात काय देऊ?’

ताई, आधी वजनाचं बोलू, कारण तुमची खरी भीती तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलग्याचं मधलं वजन 16.3 किलो आहे आणि 12.7 किलोच्या खाली गेलं की मूल कमी वजनाचं धरतात. तुमचा मुलगा मधल्या आकड्यापेक्षा हलका आहे, पण सुरक्षित पट्ट्यात आहे. अर्थात एका दिवसाच्या वजनावरून निकाल देता येत नाही. गेल्या वर्षभरात वजन आणि उंची हळूहळू का होईना वाढत आली आहे का, ते बघायचं. अंगणवाडीतल्या ताईंकडे त्याची नोंद असेल, ती एकदा मागून घ्या.

आता भूक कमी का झाली, ते. बाळ जन्मतं तीन किलोच्या आसपास आणि वर्षाचं होईपर्यंत त्याचं वजन तिप्पट होतं. त्यानंतर मात्र ते वर्षाला दोन-अडीच किलोनेच वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. नेमकं त्याच सुमारास, दीड-दोन वर्षांपासून पाच-सहा वर्षांपर्यंत, मुलाला नव्या चवीची आणि अनोळखी पदार्थाची धास्ती वाटू लागते. यामागे शरीराचं जुनं शहाणपण असावं असं अभ्यासक मानतात. मूल चालायला लागतं, आईपासून चार पावलं लांब जातं, हाताला लागेल ते तोंडात घालू शकतं. आपल्याकडे शेताच्या बांधावर मोगली एरंड असतो, त्याच्या बिया खाऊन मुलं दवाखान्यात भरती झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. अशा वयात ‘हे ओळखीचं नाही, नको’ म्हणणारं मूल वाचण्याची शक्यता जास्त.

हा स्वभाव बराचसा रक्तातूनही येतो. ब्रिटनमध्ये जुळ्या मुलांच्या 5,000 हून अधिक जोड्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. नवं अन्न टाळण्याच्या बाबतीत मुलामुलांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे 78 टक्के आनुवंशिक असल्याचं त्यात आढळलं. मुलाच्या वडिलांनाही गंगाफळ चालत नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. तेव्हा ‘माझं काय चुकलं’ हा प्रश्न आधी मनातून काढा.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मी बाजूला सारणार नाही, कारण त्यात एक मोठी खरी गोष्ट आहे. त्या 63 वर्षांच्या, म्हणजे 1972 च्या दुष्काळात दहा वर्षांच्या असतील. रोजगार हमी कायद्याच्या आधीची ती दुष्काळी कामं, खडी फोडणाऱ्या बाया, वाटप होणारी सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, हे सगळं त्यांच्या पिढीने पाहिलं आहे. मिलोची भाकरी लोकांना आवडत नव्हती, हे त्या पिढीतली माणसं आजही सांगतात. भुकेल्या पोटाला आवडनिवड नसते असं आपण म्हणतो, पण ती असते. फक्त घरात दुसरं काही नसलं की ती बोलून दाखवायला जागा उरत नाही.

बरं वर्ष असलं तरी घरात चूल एक आणि भांडं एक. ज्वारीची नाहीतर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, हिवाळ्यात बाजरी, सोबत उडदाची दाळ किंवा ठेचा, हंगामात वांगी आणि मेथी. भाकरी नको म्हणणाऱ्या पोराला द्यायला बिस्किटाचा पुडा नव्हता, फ्रिज नव्हता, कोपऱ्यावरच्या दुकानात पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकत नव्हत्या. मधल्या वेळी काही मिळालंच तर मूठभर शेंगदाणे, गूळ, बोरं, हंगामात हुरडा. दिवसभर पोरं शेतात, नदीवर उंडारायची आणि खरी भूक लागल्यावर जेवायला बसायची. एका परातीभोवती चार भावंडं असली की आपला वाटा जाईल या धाकाने हात चालायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोण किती घास खातंय हे बघत बसायला कोणत्याच बाईला फुरसत नव्हती.

त्या आठवणीत न येणारी मुलंही होती. जी नीट खात नव्हती, किरकिरी राहिली, गोवरात किंवा जुलाबात गेली, ती ‘पोरं सगळं खायची’ या वाक्यात मोजली जात नाहीत. सासूबाईंच्या पिढीत ज्या घरातलं एकही मूल दगावलं नाही, अशी घरं थोडी होती. हे त्यांना सुनावण्यासाठी लिहीत नाही. त्या बायांनी काय सोसलं, हे तुम्हालाही कळावं म्हणून लिहिते.

आणि मुलांना घास भरवताना विनवण्या कधी कराव्या लागल्या नाहीत असंही नाही. ‘हा घास चिऊचा, हा घास काऊचा’ कशासाठी जन्माला आलं? सगळी मुलं आपल्या हाताने मुकाट खात असती, तर चिमणी-कावळ्याला ताटाशी बोलवायची गरजच पडली नसती. सोळाव्या शतकातल्या सूरदासांच्या एका पदात बाळकृष्ण यशोदेकडे तक्रार करतो, की दूध प्यायलास तर वेणी लांब होईल असं तू म्हणालीस, इतके दिवस पितोय तरी ती आखूडच आहे. वर तो असंही म्हणतो, की तू मला कच्चं दूधच पाजत राहतेस, लोणी-भाकर देत नाहीस. आमिष दाखवून पाजणारी आई आणि दुसरंच काही मागणारं मूल, दोघंही इतकी जुनी आहेत.

मुलांचं न खाणं हा डॉक्टरकडे नेण्याचा विषय मात्र अलीकडे झाला. ल्यूथर एमेट होल्ट या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने 1894 मध्ये आयांसाठी एक पुस्तक लिहिलं, ते पुढे अनेक वर्षं तिकडच्या घराघरांत वापरात होतं. मुलाला काय, किती आणि किती वाजता द्यायचं, हे त्यात बांधून दिलेलं होतं. बऱ्याच फळांना, कच्च्या भाज्यांना आणि चमचमीत पदार्थांना लहान मुलांच्या ताटात मज्जाव होता. मोठ्यांचं जेवण वेगळं, मुलांचं वेगळं आणि सौम्य, ही कल्पना तिथे घट्ट झाली. पुढे अमेरिकेत 1920 मध्ये दारूबंदी आली, हॉटेलांचं उत्पन्न घटलं आणि त्यांनी कुटुंबांना बोलवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलने 1921 मध्ये मुलांसाठी वेगळं मेनूकार्ड काढलं. ‘मुलांचं जेवण’ नावाची गोष्ट अशी वाढत गेली. आणि त्याच काळात तिथल्या आया आपल्या मुलांना घेऊन डॉक्टरांकडे जाऊ लागल्या: काही खातच नाही, औषध द्या.

त्या आयांच्या प्रश्नाने शिकागोच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंना गप्प बसू दिलं नाही. क्लारा डेव्हिस त्यांचं नाव. 1926 मध्ये त्यांनी एक प्रयोग सुरू केला आणि 1939 मध्ये त्याचा सगळा गोषवारा मांडला. नुकतीच दूध सोडू लागलेली 15 बाळं त्यांनी आपल्या देखरेखीखाली ठेवली. काही अशक्त होती, काहींना मुडदूस होता. यादीत 34 पदार्थ होते: दूध, फळं, भाज्या, गहू, ओट, मांस, यकृत, मासे, अंडी, मीठ. सगळं साधं शिजवलेलं किंवा कच्चं. त्यातले पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत बाळापुढे ठेवायचे आणि नर्सने चमचा घेऊन नुसतं बसायचं. बाळाने बोट दाखवलं किंवा हात पुढे केला तरच त्यातला घास द्यायचा. ‘खा’ म्हणायचं नाही, ‘शाब्बास’ म्हणायचं नाही, चेहराही बदलायचा नाही.

ती बाळं विचित्र जेवली. एखाद्याचा सकाळचा नाश्ता म्हणजे संत्र्याचा रस आणि यकृत, दुसऱ्याचं रात्रीचं जेवण म्हणजे बरीच अंडी, केळी आणि दूध. एकाचं खाणं दुसऱ्याशी जुळत नव्हतं, आजचं उद्याशी जुळत नव्हतं. तरी सगळी बाळं धष्टपुष्ट झाली. मुडदूस झालेल्या एका बाळापुढे कॉड माशाच्या तेलाची वाटीही ठेवत असत, ते तेल तो आपणहून पीत राहिला आणि हाडं बरी झाल्यावर त्याने त्याचा नाद सोडला.

ही गोष्ट ऐकून पुष्कळांनी अर्थ काढला, की मुलाला हवं ते खाऊ द्या, शरीराला सगळं कळतं. डेव्हिसबाईंनी स्वतः मात्र सांगितलं होतं, की खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे. त्या यादीत साखर नव्हती, बिस्किटं नव्हती, डबाबंद काही नव्हतं. मुलाने काहीही उचललं तरी ते चांगलंच असणार होतं. कारखान्यातल्या पदार्थांची यादी देऊन पुढचा प्रयोग करायची त्यांची इच्छा होती, पण जागतिक मंदी आली आणि ते राहून गेलं.

ताई, त्यांचा राहिलेला प्रयोग आज आपल्या घराघरांत चालू आहे. आपल्याकडे नूडल्सचं पाकीट आलं 1983 च्या सुमारास, त्याच काळात दूरदर्शन गावोगाव पोहोचलं आणि जाहिरातीतली आई ‘आत्ता देते’ म्हणत मुलापुढे वाटी ठेवू लागली. सासूबाईंच्या चुलीपाशी यादी आपोआप चांगली होती, कारण दुसरं काही नव्हतंच. तुमच्या घरात ती तुम्हाला ठरवावी लागते. एवढाच दोन पिढ्यांतला फरक आहे, आणि तुमचं काम त्यांच्यापेक्षा अवघड आहे.

म्हणून जबरदस्तीबद्दल माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. उपाशी ठेवण्याबद्दलही नाही. चार वर्षांच्या मुलाला दोन दिवस उपाशी ठेवणं धोक्याचं आहे, आणि त्यातून तो भाकरी शिकणार नाही, तुमच्याशी भांडायला शिकेल. अमेरिकेतल्या लीन बर्च या संशोधक बाईंनी मुलांच्या खाण्यावर आयुष्यभर काम केलं. ‘हे संपव, मग ते देते’ असं म्हणून खाऊ घातलेला पदार्थ मुलांना पुढे आणखी नकोसा होतो, हे त्यांच्या प्रयोगांत दिसलं. ‘सूप संपव’ म्हणून मागे लागलेल्या मुलांनी, न टोकलेल्या मुलांपेक्षा सूप कमीच प्यायलं, हे 2006 च्या एका अभ्यासात आहे. तेव्हा मेथी खाल्लीस तर चॉकलेट, हा सौदा बंद. चॉकलेट मोठं होतं आणि मेथी शिक्षा होऊन बसते.

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी कामाची जी वाटणी सांगितली, ती मला आपल्या घरांसाठी फार पटते. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आज तुमच्या घरी नेमकं उलटं चाललं आहे: काय खायचं ते तो ठरवतो आणि किती ते तुम्ही.

सुरुवात दुधापासून करा. पाऊण लिटर दूध म्हणजे त्याचं अर्धं पोट भरलेलं. शिवाय गाई-म्हशीच्या दुधात लोह अगदी कमी, त्यामुळे फार दूध पिणाऱ्या मुलांचं रक्त कमी होतं आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. आठ-दहा दिवसांत हळूहळू चारशे मिलीपर्यंत आणा. पावडरही रोज थोडी कमी करत बंद करा, तिच्यात साखरच जास्त असते. मग वेळा बांधा: नाश्ता, दुपारचं जेवण, चार वाजता खाऊ, रात्रीचं जेवण. मधल्या वेळेत फक्त पाणी. केळं चांगलंच आहे, जळगाव जिल्ह्यात राहून मी केळ्याला वाईट म्हणणार नाही, पण ते चारच्या खाऊत द्या, दिवसभर येता-जाता नको. नूडल्स आणि बिस्किटं घरात आणूच नका. कपाटात लपवून ‘नाही’ म्हणण्यापेक्षा खरंच नसणं बरं, आणि हे सगळ्या घराला पाळावं लागेल, आजोबांच्या खिशातल्या पुड्यासकट.

जेवायला सगळे एकत्र बसा, मोबाइल कुणाच्याच हातात नको. त्याच्या ताटात एक गोष्ट त्याच्या ओळखीची ठेवा, म्हणजे वरणभात. त्याच्या शेजारी तुमच्या ताटातलंच, पण चिमूटभर: भाकरीचा एक तुकडा, बोटभर भरीत. त्यावर एक शब्दही बोलायचा नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं, खाल्लेलं असो नसो, चेहरा न पाडता. नवा पदार्थ मुलाला आपला वाटायला तो 8-10 वेळा, कधी 15 वेळा ताटात यावा लागतो. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर ‘त्याला आवडत नाही’ असं ठरवून टाकतात, आणि तिथेच दार बंद होतं.

आपलं खान्देशी जेवण तिखट असतं, हे आपण मोठी माणसं विसरतो. तुम्ही ज्याला ‘भाजी नको’ म्हणता, ते कदाचित ‘तिखट नको’ असेल. काळा मसाला आणि ठेचलेली मिरची पडण्याआधी त्याचा वाटा काढून ठेवा. भरितात मिरची घालण्याआधीचं भाजलेलं वांगं, थोडं मीठ, तेल आणि शेंगदाण्याचा कूट त्याला देऊन बघा. (अख्खे शेंगदाणे या वयात नकोत, श्वासनलिकेत अडकतात. कूटच द्या.) त्याला जे आवडतं तिथून पुढे जा. शेव आवडते म्हणजे बेसनाची चव ओळखीची आहे, मग पातोडीची कोरडी वडी हातात द्या, नंतर फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, कढीत बुडवून. वरणभात खातो, तर त्याच वरणात कळण्याची भाकरी बारीक कुस्करून भाताशी मिसळा आणि भाकरीचं प्रमाण वाढवत न्या. त्याला फसवून मात्र काही घालू नका, पकडलं गेलं तर त्याचा वरणभातावरचाही विश्वास जाईल.

आणि सासूबाईंना या कामात घ्या. उन्हाळा आहे, बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा घाटा शिजेल, कुरडयांचा चीक निघेल. ते करताना त्याला त्यांच्याजवळ बसवा, हात भरू द्या. चीक चाटून खाणं पिढ्यान् पिढ्यांच्या मुलांना कुणी शिकवलेलं नाही. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्याची, मामाची मुलं जमली की त्यांच्या पंगतीत त्याला बसवा आणि तुम्ही स्वतः लांब राहा. बर्च यांनी 1980 मध्ये हेच करून पाहिलं होतं: एखादी भाजी न आवडणाऱ्या मुलाला ती आवडणाऱ्या मुलांच्या टेबलावर बसवलं, आणि थोड्याच दिवसांत बहुतेक मुलं ती भाजी उचलू लागली. श्रावणात कानबाई देवीचे रोट होतील, तेव्हा भाऊबंदांच्या मुलांसोबत त्याला जेवताना बघा. ‘आमच्या वेळी’ मधला मोठा वाटा या पंगतीचा होता, आणि तो तुम्ही आजही परत आणू शकता.

भूक वाढवायचं औषध दुकानातून परस्पर आणू नका. जंताची गोळी मात्र चुकवू नका, ती राष्ट्रीय जंतनाशक मोहिमेत अंगणवाडीत फुकट मिळते. पुढच्या गोष्टी दिसल्या तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा: वजन काही महिने जागेवर असणं किंवा घटणं, चेहरा पांढुरका पडणं, माती-खडू खाणं, घास गिळताना सारखा ठसका लागणं किंवा ओकारी येणं, जुनाट बद्धकोष्ठ, आवडते पदार्थही एकेक करून सोडत जाणं, किंवा न खाण्यासोबत बोलणं उशिरा येणं आणि ठरावीक स्पर्श-आवाज सहन न होणं. टोकाच्या अन्न टाळण्याला 2013 पासून मानसोपचाराच्या वर्गीकरणात वेगळं निदान आहे आणि त्यावर उपचारही आहेत. तुमच्या पत्रावरून मला तुमच्या मुलात तसं काही दिसत नाही, पण एकदा रक्त तपासून घ्या, दुधाचं प्रमाण पाहता ते शहाणपणाचं होईल.

आता डबा. पहिले पंधरा दिवस डब्यात नवं काही नको. शाळा नवी, बाई नव्या, निदान डबा तरी ओळखीचा असू दे. तोवर घरी यातलं जे ओळखीचं झालं असेल तेच द्या: तूप लावलेल्या छोट्या पोळीची गुळाची गुंडाळी, पातोडी, मऊ खिचडी, केळ्याचे काप, उकडलेलं अंडं चालत असेल तर तेही. थोडंच द्या, संपेल एवढंच. पाकिटातलं काही देऊ नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे शाळेच्या आवारात आणि त्यापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकायला मनाई आहे, मग ते आपण घरून डब्यात कशाला पाठवायचे? जुलैपासून आठवड्यातून एक दिवस, समजा बुधवारी, एक नवा पदार्थ एका कप्प्यात चमचाभर ठेवा. तो तसाच परत आला तर धुऊन ठेवा आणि त्याबद्दल विचारू नका. पुढच्या बुधवारी तोच पदार्थ पुन्हा. बाईंना सांगून ठेवा, की ‘डबा संपव’ म्हणून त्याच्या मागे लागू नका. आणि मिस्टरांनाही सांगा, की महिन्यातून एकदा गंगाफळाची भाजी त्यांच्याही ताटात चमचाभर वाढली जाईल, मुलासमोर.